डबाकाका

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

गेम पासची, म्हणजे दरमहा पैसे भरून गेम खेळायच्या योजनेची, वर्गणी वाढली. बातमी परवाची, माझा व्हिडिओ आज सकाळी गेला. दुपारपर्यंत तीनशे बारा व्ह्यूज. दसऱ्याची अख्खी सुट्टी घालवून स्क्रिप्ट लिहिली आणि तीनशे बारा! पूर्वी टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, आता जुना होईल तसा महाग होतो, आणि तरी आपण रांगेत उभे. हे इतक्या स्पष्ट शब्दांत मराठीत दुसरं कोणी सांगत नाही. चॅनलचं नाव ‘खरं सांगू का’ मी उगाच ठेवलेलं नाही.

खरं म्हणजे मला स्वतःला डिस्कच आवडतात. हातात धरता येतात, मित्राला देता येतात, कंपनीने उद्या दुकान बंद केलं तरी गेम आपलाच राहतो. पण व्हिडिओत मी डिस्कवाल्यांना म्हातारे म्हणतो. म्हटलं की लोक चिडतात आणि चिडले की लिहितात.

आज पहिली कमेंट नेहमीसारखी विलासकाकांची. हे खालापूरचे कोणी गृहस्थ आहेत, मी यांना कधी पाहिलेलं नाही. प्रत्येक व्हिडिओखाली पत्र लिहिल्यासारखं लिहितात. ‘बाळ जितेश, छान समजावलंस. आवाज जरा हळू ठेव, घसा सांभाळ.’ घसा सांभाळ! मी अठ्ठावीस वर्षांचा आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

दुकानाला सुट्टी. (मी कर्जतला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो. डायरीला हे माहीत आहे, पण उद्या कोणी वाचली तर.) सकाळी आई ओट्यावर फोन टेकवून काहीतरी बघत होती आणि हसत होती. बघतो तर चॅनलवर नाव विलासकाकांचं, खालापूरचे तेच! यांचाही चॅनल आहे, मला पत्ता नव्हता.

पन्नाशी उलटलेला माणूस, पांढरा बनियन, मागे मीटरची पेटी आणि देवाचं कॅलेंडर. जुना प्लेस्टेशन ३, त्यावर फुटबॉलचा गेम. ‘मंडळी, नमस्कार. ह्यो आपला डबा.’ कन्सोलला डबा म्हणतात. कंट्रोलरला रिमोट. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधली तिन्ही बोटं नाहीत. कारखान्यात प्रेसखाली गेली, असं त्यांनीच पहिल्या व्हिडिओत सांगितलंय, एकदाच, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं. डावीकडची वरची बटणं बोटांनी दाबता येत नाहीत, म्हणून कंट्रोलर मांडीवर दाबून ती बटणं मारतात. त्यामुळे सगळं अर्धा सेकंद उशिरा. गोल खातात आणि म्हणतात, ‘गेला. जाऊ द्या, परत खेळू.’ फोन धरणारी त्यांची बायको, चित्र सारखं हलत असतं.

व्ह्यूज नऊ हजार चारशे.

आईला म्हटलं, यात बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, “आरं, चांगला बोलतो तो. घरात बसल्यावानी वाटतं.”

मी चार वर्षं घरातच बसून बोलतोय. तिने माझा एक व्हिडिओ पूर्ण बघितलेला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं आणि करूनही झालं. विषय: मराठी गेमिंगची पातळी. उदाहरण म्हणून काकांच्या क्लिप घेतल्या. नवीन कन्सोलमध्ये डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो, यावर ते म्हणतात, ‘मंजे डबा घेतला, झाकण येगळं घ्यायचं.’ हे मी तीन वेळा लावलं, तिसऱ्या वेळी आवाज हळू करून, म्हशीसारखा. मग त्यांचा खेळ. गोलकीपर उभा, बॉल आत, आणि वर माझं बोलणं: ‘काका, बटण दाबायचं असतं, आशीर्वाद द्यायचा नसतो.’ हे वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. इतकं चांगलं वाक्य मला वर्षभरात सुचलेलं नव्हतं.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. क्लिप कापताना मी चौकट वर घेतली, म्हणजे त्यांचा हात दिसत नाही. मला अपंगत्वावर हसायचं नाही. तेवढी तत्त्वं आहेत माझ्याकडे. मी त्यांच्या खेळावर हसतोय.

हात दिसला असता तर तसंही कोणी हसलं नसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

एक लाख ऐंशी हजार. सबस्क्रायबर चार हजारांवरून सोळा हजार. कर्जत स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर दोन पोरं एकमेकांना म्हणत होती, “काका, बटण दाबायचं असतं.” मी शेजारीच उभा होतो. सांगितलं नाही मी कोण. पण वडापाव काय लागला!

‘डबाकाका’ हे नाव लोकांनीच ठेवलं. मी फक्त थंबनेलवर लिहिलं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ते दुकानात आले.

दुपारची वेळ, मी एका फोनचं चार्जिंगचं भोक साफ करत होतो. समोर सावली आली. “तू जितेश ना रं? आवाजावरनं वळखला.” इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीत शिराळी, बायकोच्या परसातली. मला वाटलं भांडायला आलेत. शेठ गल्ल्यावर बसले होते.

ते स्टुलावर बसले. डावा हात काउंटरवर ठेवला, काचेवर, माझ्या समोर. “काय चुकतं ते सांग,” म्हणाले. “तू बोललास ते खरं हाय, मी मागं पडतो. डबा बोलायचं नाय का?”

मी म्हणालो, “कन्सोल म्हणतात काका. आणि कंट्रोलर.”

“कन्सोल. कंट्रोलर.” दोनदा म्हणून बघितलं. मग खालच्या आवाजात, “पोरं लय वायट लिवतात रं. आयबहिनीवरनं. वनिता इचारते काय लिवलंय, मी सांगतो, छान लिवलंय. तिला वाचता येतं, पण चष्मा माझ्याकडं असतो.” हसले.

मी हसलो नाही. काय करावं कळेना म्हणून त्यांच्या फोनला स्क्रीनगार्ड लावून दिला, फुकट.

उठताना म्हणाले, “हात तू दाखवला नायस, बरं केलंस. दाखवला असता तर कीव करत बसले असते. त्यापरीस हसले ते बरं.”

हे मी शब्दशः लिहून ठेवतोय. म्हणजे त्यांना स्वतःला ते पटलेलं आहे. तरी घरी येताना एक विचार आला, हे त्यांना खरंच वाटतं, की मला लाज वाटू नये म्हणून म्हणाले? दहिवलीचा पूल येईपर्यंत तो विचार होता. मग फोन वाजला आणि गेला.

शिराळ्याची भाजी झाली होती. आईने विचारलं कुणी दिली. गिऱ्हाइकाने, म्हटलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काकांवर तिसरा भाग टाकला. दिवाळीचा खास. पंचाहत्तर हजार. मधे एक व्हिडिओ स्विच २ या नव्या कन्सोलवर केला होता. काही गेमच्या डबीत आता गेम नसतोच, फक्त उतरवून घेण्याची किल्ली असते, आणि लोक त्या किल्लीला गेम समजून कपाटात ठेवतात. माझ्या मते या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अकराशे व्ह्यूज.

लोकांना काय हवं ते लोक सांगतात. मी फक्त ऐकतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं जग ज्या गेमची वाट बघतंय तो परत पुढे गेला. आता पुढच्या वर्षी नोव्हेंबर. सकाळी सहा मिनिटांचा व्हिडिओ केला, खूप ओरडलो. आतून बरं वाटलं होतं. तो गेम आला तर माझ्या कन्सोलवर कसा चालेल याची मला भीतीच आहे. व्हिडिओत म्हणालो, ही चाहत्यांशी गद्दारी आहे.

मोठी बातमी वेगळीच. साईनाथचा फोन आला. हा ठाण्याचा, गेमिंगच्या सामानाचं दुकान चालवतो, आता कर्जतला शाखा काढतोय. डिसेंबरात दहिवलीच्या हॉलमध्ये स्पर्धा घ्यायची, बक्षीस नवा कोरा प्लेस्टेशन ५, आणि सूत्रसंचालक मी! “पण डबाकाका पाहिजे,” म्हणाला. “शेवटची मॅच तू विरुद्ध काका, लाइव्ह. त्याशिवाय पोरं येणार नाहीत.”

मी म्हणालो, आणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाईकवर खालापूरला गेलो. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. वनिताकाकूंनी पाणी दिलं, पेला माझ्या हातात न देता पाटावर ठेवला. मी सांगितलं, काकांचा सत्कार आहे, मग एक मैत्रीची मॅच.

“सत्कार कशापायी?” त्या म्हणाल्या.

“मराठी गेमिंगमधलं योगदान.”

काका मात्र खूश. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. “नव्या डब्यात, कन्सोलात, बटनांची कामं बदलता येतात म्हणे. डावीकडची वरची दोन कामं उजवीकडं घेतली तर माजा उजवा हात धडधाकट हाय. बाहेरच्या देशात तर एका हाताचा येगळा कंट्रोलर निघालाय, फोटो बघितला मी.” माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं होतं त्यांनी. कन्सोल कंपन्यांनी आधी काय करायला हवं याबद्दल वीस मिनिटं बोलले. ग्राफिक्स पुरे झाले, आता जास्त हातांना खेळता येईल असं बघा, असं त्यांचं मत. चांगलं मत आहे. मी कुठेतरी वापरीन.

बटणं बदलता येतात, सेटिंगमध्येच आहे, हे मी सांगितलं आणि शब्द दिला. वनिताकाकूंनी वहीचं पान फाडून कोणतं काम कोणत्या बटणावर ते लिहून घेतलं, आणि तसंच दुसरं पान मला दिलं. “इसरू नका,” म्हणाल्या. मला अहो-जाहो करतात. काका अरे म्हणतात.

नवीन कन्सोल घरात नाही, मग सराव कसा करणार, असं मी विचारलं. काकूंनी पुठ्ठा काढला. त्यावर पेनाने कंट्रोलर काढलेला होता, बटणं गोल गोल. बोटांना सवय होण्यासाठी काका त्यावर सराव करणार!

रस्त्यात हे आठवून दोनदा हसू आलं. मग आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मेमरीच्या चिपांचे भाव वाढतायत, पुढच्या वर्षी कन्सोल आणखी महागणार असं सगळे म्हणतायत. व्हिडिओ करायला हवा होता, केला नाही. डोक्यात तो पुठ्ठा आहे. काका फोन करून सांगतात, आज तासभर केला सराव, आज दीड तास. त्यांना वाटतं मी त्यांचा कोच आहे.

जिंकले तर? महिनाभर पुठ्ठ्यावर सराव केलेला माणूस मला लाइव्ह हरवेल आणि पोरं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतील. मग ‘खरं सांगू का’चं काय?

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

झाला कार्यक्रम. हॉल भरला होता, कॉलेजची पोरं भिंतीला टेकून उभी. आईही आली होती, मी बोलावलं नव्हतं. विलासकाका आणि वनिताकाकू सकाळी दहालाच येऊन पहिल्या रांगेत बसले होते. काकांचा शर्ट नवा, घडीच्या रेघा तशाच. सत्कार झाला, शाल, नारळ. पोरं ‘डबा! डबा!’ ओरडत होती आणि काका सगळ्यांना नमस्कार करत होते.

सेटिंग सकाळी मी कागदाप्रमाणे करून ठेवली होती. मॅचच्या वेळी ती मूळ जागेवर गेलेली होती.

काका खेळायला बसले. सोफा खोल, मांडी वर घ्यायला जागा नाही. त्यांनी उजव्या हाताने शिकलेलं बटण दाबलं, भलतंच झालं. परत दाबलं, परत भलतंच. पहिला गोल, दुसरा, तिसरा. मी माइकवर बोलत होतो, पोरं लोळत होती. काका आधी स्क्रीनकडे बघत होते, मग कंट्रोलरकडे, मग नुसतं स्वतःच्या बोटांकडे. चौथ्या गोलला मी ते वाक्य म्हणालो, आशीर्वादाचं. अख्खा हॉल माझ्याबरोबर म्हणाला.

तेवढ्यात साईनाथच्या कॅमेरावाल्याने मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्यांचे हात घेतले. मोठ्या स्पर्धांत घेतात तसे. आधी माझे. मग काकांचे.

दहा फुटांचा हात. अंगठा, करंगळी, मधे ती चकचकीत कातडी.

आवाज बंद झाला. मागे कोणीतरी एकटाच अजून ‘डबा’ म्हणाला आणि त्यालाही कोणीतरी गप्प केलं.

काकांनी वर बघितलं, पडद्यावर स्वतःचा हात दिसला, आणि त्यांनी तो शालीखाली घेतला. मग माझ्या हातातला माइक मागितला. मला वाटलं आता संपलं. ते म्हणाले, “पोरांनो, माफ करा. सराव कमी पडला.”

मंचावरून उतरताना वनिताकाकू मला आडव्या आल्या. “कागदावर लिवलं व्हतं ते तुमी केलं नाय.”

“काकू, ऐन वेळी अपडेट आला. त्यात सेटिंग गेली.”

“अपडेट म्हंजे काय?”

मी समजावून सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या, नजर न हलवता.

१५ डिसेंबर, सोमवार

अपडेट आला नव्हता.

इथे तरी लिहायला हवं. मॅचच्या आधी पडद्यामागे साईनाथ म्हणाला, “काका जिंकले तर क्लिप कोण बघणार?” तो ‘बदल’ असं म्हणाला नाही. मी विचारलं, “बटणं मूळ जागेवर नेऊ का?” तो म्हणाला, “शो तुझा आहे.” सहा बटणं दाबायला लागली, सात सेकंद. पण हॉलमध्ये पोरांना बोलावलं साईनाथने, हात दाखवला कॅमेरावाल्याने, आणि सोफा तर हॉलवाल्यांचाच होता. सगळं एकट्या माझ्यावर कसं?

कोणीतरी फोनवर काढलेली क्लिप फिरतेय. पडद्यावर काकांचा हात आणि खाली मी माइकवर हसतोय. खाली लिहिलंय, ‘खरं सांगू का, हा माणूस नाही.’ सकाळपासून दोन हजार सबस्क्रायबर गेले. एकाने लिहिलंय, तुझी बोटं छाटायला हवीत. लोक किती क्रूर असतात! पडद्याआड बसून काहीही लिहितात. समोरच्यालाही मन असतं, याचा विचार नाही.

दुपारी साईनाथचा फोन. शांत होता. “तुला हाताचं माहीत नव्हतं ना?”

“नव्हतं,” म्हणालो.

“मग झालं. परवा त्यांच्या घरी जाऊ. माफी, कन्सोल भेट, सगळं शूट करू.”

१७ डिसेंबर, बुधवार

शूट झालं. साईनाथने कन्सोलच्या खोक्याला लाल रिबिन बांधून आणली होती. मी दारातच काकांच्या पाया पडलो आणि मला रडू आलं. आपोआप आलं, काही लावावं लागलं नाही. म्हणजे माझ्या मनात खोट नाही. काकांनी सवयीने डोक्यावर हात ठेवला. तोच, डावा.

खाली बसलो. कॅमेरा चालू होता. मी विचारलं, “काका, तुम्ही मला तुमच्या हाताबद्दल कधीच सांगितलं नव्हतं, हो ना?”

ते माझ्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, “सांगाया कशाला पायजे? तुला म्हायत व्हतं की. दुकानात तुज्याच पुढं ठेवला व्हता.”

साईनाथ म्हणाला, “काका, परत एकदा घेऊ. तुम्ही फक्त ‘नाही सांगितलं’ म्हणा. पोराचं आयुष्य आहे.”

“मी तेच बोलणार,” काका म्हणाले. “आनि बटनं पण ह्यानंच बदलली. वनितानं मॅच चालू असताना कागद लावून बघितला. मला तवा वाटलं माजंच चुकतंय. घरी आल्यावर तिनं दाखवलं.” आवाज चढलेला नव्हता. “येवढंच सांग बाळ, कशापायी केलंस? हरायचं असतं तर बटनं न बदलता पण हरलोच असतो ना मी.”

साईनाथने कॅमेरा बंद केला.

निघताना त्याने खोकं परत गाडीत ठेवलं. हा दाखवायचा पीस आहे, सीलबंद दुसरा पाठवतो, म्हणाला. पाठवेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

दुकानात आजारी असल्याचं कळवलं आणि दिवसभर एडिट केलं. माझा प्रश्न घेतला. नंतरची ती लांबलचक शांतता घेतली, नऊ सेकंद, त्यात काका नुसते बघतायत, डोळे ओले वाटतात. तोंड उघडतात तिथे कापलं आणि डोक्यावर हात ठेवलेला शॉट जोडला. खाली बासरी. मग खोकं, रिबिन, शेवट.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे. एकही शब्द खोटा नाही. काकांचा तर एकही शब्दच नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

अकरा लाख. गेलेले सबस्क्रायबर परत आले आणि वर साठ हजार. ‘चूक कबूल करायला मोठं मन लागतं’, ‘मराठी मातीचे संस्कार’, असं लिहितायत. साईनाथ म्हणतो, नोकरी सोड, पगारावर ये, वर्षाचा करार करू.

रविवारी काकांनी स्वतःच्या चॅनलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. ‘मंडळी, नमस्कार. जितेशला म्हायत व्हतं. बटनं त्यानं बदलली. मला कन्सोल मिळालेला नाय.’ बस. आरडाओरडा नाही, काही नाही. खाली लोक तुटून पडले. ‘हावरट म्हातारा’, ‘पोराने पाय धरले, अजून काय पाहिजे’, ‘तीन बोटं गेली, जीभ का नाही गेली’. मी एकालाही उत्तर दिलं नाही. त्यात पडणं मला योग्य वाटलं नाही. काल बघितलं तर त्यांचा चॅनलच नाही. सगळे व्हिडिओ काढून टाकलेत, अगदी पहिल्यापासूनचे.

आज आईने माझा व्हिडिओ पूर्ण बघितला. आयुष्यात पहिल्यांदा. मी शेजारी बसलो होतो. संपल्यावर तिने बोटाने मागे नेला आणि परत बघितला. मग विचारलं, “त्यानं काय सांगितलं रं?”

“कशाला काय?”

“तू इचारलंस, मला सांगितलं नव्हतं ना. त्याचं तोंड उघडताना दिसतंय. पुढं काय बोलला?”

अकरा लाख लोकांना दिसलं नाही ते! मी म्हणालो, आवाज नीट आला नव्हता.

तिने ताट वाढलं, झाकून ठेवलं, आणि पिशवी भरून कळंबला मावशीकडे गेली. कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघते.

११ जानेवारी २०२६, रविवार

आई अजून कळंबलाच आहे. करारावर सही झाली. साईनाथला आता दुसरा भाग हवाय: काका नव्या कन्सोलवर हसत खेळतायत. कन्सोल अजून पाठवलेला नाही, पण शूटला घेऊन जाऊ, म्हणतो. बोलणी करायला मी आज खालापूरला गेलो.

वनिताकाकू पायरीवर पावटे सोलत होत्या. उठल्या नाहीत. दारातून आत काका दिसले, भिंतीकडे तोंड करून आडवे, डाव्या हाताला ओला पंचा गुंडाळलेला. मला वाटलं पडलेबिडले. काय झालं, विचारलं.

“बोटं दुखतात,” त्या म्हणाल्या.

“कोणती?”

“नायत ती.” त्या सोलत राहिल्या. “तीन्ही. प्रेसखाली दाबल्यावानी दुखतात म्हणतात. सात वरसं झाली, आवशीदं झाली, कशानं थांबत नाय. ह्यो खेळ घरात आला आनि खेळताना तेवढा येळ थांबायला लागलं. म्हणून खेळायचे. हौस नव्हती ती. तुमच्या त्या दिसापासनं त्यांनी हात लावला नाय. मीच एकदा रिमोट हातात दिला, तर अंग कापाया लागलं. डबा भंगारवाल्याला दिला.”

असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. बाईकवर बसलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून परत उतरलो. नसलेली बोटं दुखतात आणि गेम खेळला की थांबतात! कन्सोलबद्दल इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे कोणी केलेली नाही, आणि ती माझ्यापासून वीस मिनिटांवर आहे. ग्राफिक्स, किमती, मेमरीच्या चिपा, हे सगळं याच्यापुढे काय? मी हेच काकूंना सांगितलं. म्हणालो, काकांना बोलायचं नसेल तर नको बोलू दे, दुखायला लागलं की तुम्ही फक्त मला फोन करा, मी येऊन गुपचूप शूट करीन. लोक रडतील. उपचारासाठी मदतही येईल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टोपली कडेवर घेतली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पण नाही म्हणाल्या नाहीत. गुरुवारी परत जातो.